खेळ नेमका कुठं अडला? जुन्या संगणक-खेळांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या 'जेट सेट विली'वरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक पत्रांना इथं उत्तरं देतो आहोत. तो अंक हाताशी नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा १९८४ चा खेळ, मॅथ्यू स्मिथ या विशीही न गाठलेल्या पोरानं झेडएक्स स्पेक्ट्रम या ४८ किलोबाइटच्या घरगुती संगणकासाठी लिहिलेला. खाणीत पैसा कमावलेला विली वाडा घेतो, जंगी मेजवानी देतो आणि दुसऱ्या दिवशी घरभर पसारा. घर सांभाळणारी मारिया पलंगाशी उभी राहते आणि सगळ्या ८३ वस्तू गोळा झाल्याशिवाय त्याला झोपू देत नाही. साठ खोल्या, कुठूनही कुठंही जा. उड्या मारायचा खेळ आणि शोधाशोधीचा खेळ, दोन्ही एकाच कॅसेटवर.

बहुतेक पत्रांचा सूर असा, की 'माझं काय चुकतंय?' प्रत्येक वेळी चूक तुमचीच असते असं नाही. कधी ती मशीनची असते, कधी विजेची, आणि या खेळात तर बऱ्याचदा खुद्द खेळाचीच.

लॅपटॉपवर फ्यूज हा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून 'जेट सेट विली' खेळतो. माळ्यावरच्या खोलीत जाऊन आलो तेव्हापासून प्रार्थनाघरातले सगळे शत्रू गायब आहेत आणि दुसऱ्या एका खोलीत पाय ठेवला रे ठेवला की विली मरतो. नवा डाव सुरू केला तरी तेच. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

व्हायरस नाही. मूळ कॅसेटवरच असलेली ही चूक आहे, आणि तुमच्याकडची प्रत अस्सल असल्याचा तो पुरावाच समजा. माळ्यावर एक बाण उडतो. त्याच्या उंचीचा आकडा चुकीचा लिहिला गेला होता. त्यामुळे बाण पडद्याच्या हद्दीत न राहता मेमरीत पुढे सरकतो आणि तिथं ठेवलेली दुसऱ्या खोल्यांची माहिती खोडत जातो. प्रार्थनाघरातले शत्रू त्यातच पुसले जातात. खेळ विकणाऱ्या कंपनीनं आधी सांगितलं, की त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय, तो खेळाचाच भाग आहे! नंतर मात्र मुकाट्यानं दुरुस्तीचे आकडे दिले.

नवा डाव सुरू करून उपयोग होत नाही, कारण नवा डाव खेळ पुन्हा चढवत नाही, मेमरीत आहे तोच वापरतो. म्हणून आधी खेळाची फाइल पुन्हा उघडा. माळ्यावर जाऊन आल्यानंतर जतन केलेला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या खेळाची प्रत) असेल तर तो पुसून टाका, त्यात बिघाड कायमचा बसलेला आहे. खेळ चढला की फ्यूजमध्ये एफ-१ दाबून मेनू आणा, 'मशीन'मध्ये 'पोक मेमरी' निवडा. मेमरी-बँकेचा आकडा आहे तसाच राहू द्या आणि पत्ता व किंमत अशा चार जोड्या भरा:

५९९०१ – ८२
६०२३१ – ०
५६८७६ – ४
४२१८३ – ११

पहिली जोडी माळ्यावरच्या बाणाची. बाकीच्या तीन का, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक खोलीची माहिती बरोबर २५६ बाइटांत बसवलेली आहे आणि ती ४९१५२ या पत्त्यापासून सुरू होते. पत्त्यातून ४९१५२ वजा करा, २५६ नं भागा, की खोलीचा क्रमांक मिळतो. ६०२३१ चं उत्तर येतं ४३, म्हणजे कंझर्व्हेटरीचं छप्पर. ५६८७६ चं येतं ३०, म्हणजे 'द बॅनियन ट्री', चक्क वडाचं झाड! खोलीचा नकाशा आडव्या ३२ आणि उभ्या १६ चौकटींचा असतो आणि एका बाइटात चार चौकटी मावतात, दर चौकटीला दोन बिट. ०० म्हणजे मोकळी जागा, ०१ म्हणजे फरशी, १० म्हणजे भिंत, ११ म्हणजे जीवघेणी वस्तू. आता ४ हा आकडा बिटांत मांडा: ०० ०० ०१ ००. मोकळं, मोकळं, फरशी, मोकळं. फरशीतून खालून वर उडी मारता येते, भिंतीतून येत नाही, म्हणून या एका आकड्यानं वडावर चढायची वाट मोकळी होते. छपराच्या पत्त्यावर ० लिहिलं की चारही चौकटी रिकाम्या. शेवटची जोडी पहिल्या मजल्याच्या पॅसेजमधली एक न दिसणारी वस्तू उचलून क्रमांक ११ च्या दालनात नेऊन ठेवते. या चार दुरुस्त्या केल्याशिवाय ८३ वस्तू पूर्ण होत नाहीत, मग कितीही हात बसलेला असो.

कधीच न संपणारे जीव हवे असतील तर ३५८९९ वर ० लिहा. नकाशा काढेपर्यंत ते वापरायला काही हरकत नाही.

एक चूक होते आणि सगळे जीव एकामागोमाग जातात, हात लावायलाही वेळ मिळत नाही. की-बोर्ड अडकतो का?
– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

की-बोर्ड ठीक आहे. विली मेला की ज्या जागेवरून तो त्या खोलीत शिरला, तिथंच पुन्हा उभा राहतो. वरच्या खोलीतून तोल जाऊन खाली पडला, तर 'शिरण्याची जागा' म्हणजे हवेतली. पुन्हा पडणार, पुन्हा मरणार, जीव संपेपर्यंत. उपाय एकच: कुठल्या खोलीच्या खाली काय आहे ते ठाऊक नसेल तर कडेला जायच्या आधी एफ-२ नं स्नॅपशॉट जतन करा. शिवाय लक्षात ठेवा, या खेळात उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. आधी पाय नीट जागेवर आणा, मग उडी.

काकांच्या कपाटात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' सापडला, सोबतच्या अडॅप्टरसकट. दुपारी तासभर बरा चालतो. संध्याकाळी सात वाजले की आपोआप रीसेट होतो, कधी पडद्यावर उभे पट्टे येतात. टीव्ही तोच, वायर तीच. मशीन गेलं समजायचं का?
– एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

अजून गेलेलं नाही, पण असंच चालवत राहिलात तर जाईल. डेसिबेल्स कंपनीनं १९८६ पासून परवान्यावर आपल्याकडे विकलेलं हे स्पेक्ट्रम प्लसच आहे, त्यामुळे खालचं सगळं त्याला लागू होतं.

जुना अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर, बस. त्यावर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो ९ व्होल्ट धरून ठेवत नाही. भिंतीतल्या विजेचा दाब चढला की तोही चढतो, उतरला की उतरतो. २३० व्होल्टला पूर्ण भारावर ९ मिळत असतील, तर संध्याकाळी गावात दाब १७० वर आला की मिळतात साधारण पावणेसात. मशीनच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर आहे. त्याला ५ व्होल्ट द्यायचे तर आत किमान ७ च्या आसपास यावे लागतात. पावणेसात म्हणजे त्याच्या खालीच. ५ व्होल्ट हलले की प्रोसेसर भरकटतो आणि मशीन रीसेट होतं. मध्यरात्री उलट होतं: पंप बंद, दाब जास्त, ७८०५ चटका बसेल इतका तापतो. कारण ९ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर ओढले तरी सव्वातीन वॅट उष्णता त्याच्यातच जिरते, १२ व्होल्ट आले तर साडेपाच. मे महिन्यात खोलीच ४५ अंशांवर असते, तेव्हा या उष्णतेनं जायचं कुठं?

स्टॅबिलायझर घेऊ नका. १०० ते २४० व्होल्ट असं छापलेला, ९ व्होल्ट २ अँपिअरचा हलका स्विचिंग अडॅप्टर घ्या. दाब १७० असो की २५०, तो ९ च देतो. भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवरही तो बिनघोर चालतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जुना ट्रान्सफॉर्मर नुसता घुमतो आणि तापतो.

पण इथंच सगळ्यात मोठा धोका आहे. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं: आत ऋण, बाहेर धन. तसाच खुपसला तर मशीन जळायला क्षणही पुरतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या कड्याला. उणे ९ दिसायला हवेत. अधिक ९ दिसले तर वायर कापून दोन तारांची अदलाबदल करा, टाका मारा, टेप लावा आणि पुन्हा मोजा. मोजल्याशिवाय लावू नका, दुकानदार काहीही सांगो.

उभ्या पट्ट्यांबद्दल. मेमरीच्या खालच्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. शेवटचे दोन मशीनच्या आतच एका छोट्या सर्किटमधून तयार होतात. उणे ५ गायब झाला आणि बाकी दोन चालू राहिले, तर या चिप हळूहळू मरतात. नवा अडॅप्टर लावूनही पट्टे राहिले तर मशीन चालू ठेवून 'बघू, गरम झाल्यावर सुधारतं का' असं करू नका. लगेच बंद करा आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला पट्टीवरचे हे तीन दाब मोजायला सांगा. टीआर-४ हा ट्रान्झिस्टर आधी तपासा म्हणावं, बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. मशीन उघडलंच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून घ्या, पस्तीस वर्षांत ते सुकलेलेच असणार.

मशीन गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या. आणि चालू मशीनच्या मागच्या पट्टीत जॉयस्टिकचा इंटरफेस कधीही घालू-काढू नका. एक पिन तिरकी लागली तरी संपलं.

भाऊ, मोबाइलवरून स्पेक्ट्रमवर गेम चढवून रायलो. लाल-निळे पट्टे येतात, नाव येते, मंग निळे-पिवळे पट्टे. अन् अर्ध्यात 'आर टेप लोडिंग एरर' येते. कधी अर्ध्यात, कधी पार शेवटी. काहून?
– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

'अर्ध्यात' आणि 'पार शेवटी' हे तुम्ही वेगळं लिहिलंत हे फार बरं केलं, कारण दोघांची कारणं वेगळी आहेत.

आधी पट्टे वाचायला शिका. लाल आणि फिकट निळे जाड पट्टे म्हणजे सुरुवातीचा एकसुरी आवाज, मशीन त्यावर आपली लय जुळवून घेतं. पहिल्या वेळी तो ५ सेकंद चालतो, नंतरच्या वेळी २. पिवळे-निळे बारीक पट्टे म्हणजे खरी माहिती. तिच्यात '०' साठी दोन छोटे ठोके आणि '१' साठी बरोबर दुप्पट लांबीचे दोन ठोके. मशीन फक्त ठोक्यांमधलं अंतर मोजतं. ठोका ठरल्या वेळेत आलाच नाही तर ते तिथंच हात टेकतं. ही तुमची 'अर्ध्यात' येणारी चूक: सूचनेची घंटी वाजली, फोन आला, जॅक हलला, किंवा आवाज क्षणभर पडला. याउलट ठोके सगळे आले पण एखादा चुकीचा मोजला गेला, तर मशीनला ते मधे कळत नाही. शेवटच्या बाइटात सगळ्या माहितीचा ताळा असतो. तो जुळला नाही की मग एरर. ही 'पार शेवटी'वाली चूक, आणि तिचं कारण म्हणजे आवाजातली खरखर किंवा विकृती.

म्हणून मोबाइल विमान मोडवर टाका. संगीत 'गोड' करणारी सगळी सोय, इक्वलायझर, बास वाढवणं, सभोवती आवाज, बंद करा. फाइल डब्ल्यूएव्ही आणि मोनो हवी; एमपी-३ करू नका, ती जागा वाचवताना ठोक्यांच्या कडा बोथट करते. आवाज पूर्ण चढवा, मग एक पायरी उतरवून पाहा. ब्लूटूथनं काही होणार नाही, वायरच हवी, ३.५ मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी मोनो असेल तर उत्तम. पट्टे येतच नसतील तर मोबाइलचा आवाज कमी पडतोय. मधे छोटा अँप्लिफायर जोडा.

कॅसेट आणि टेपरेकॉर्डरवर चढवणाऱ्यांसाठी: हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, पावसाळ्यात फिती एकमेकींना चिकटतात. तरी जमत नसेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बघा. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो पाव-पाव फेरा फिरवा आणि कान देऊन ऐका. आवाज दबका वाटतो तिथं नाही, कर्कश आणि स्पष्ट होतो तिथं थांबा. मात्र रेकॉर्डर त्या एका कॅसेटसाठी जुळवला, की दुसरी कॅसेट रुसू शकते. त्यामुळे एकदा चढलेला खेळ लगेच दुसऱ्या कॅसेटवर किंवा लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

काही कळा चालत नाहीत: १, ०, क्यू, पी, ए, एंटर, स्पेस आणि कॅप्स शिफ्ट. बाकी सगळ्या ठीक. कळा बदलून मिळतील का?
– एक वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

कळांना काही झालेलं नाही. स्पेक्ट्रमच्या ४० कळा पाच-पाचच्या आठ गटांत वायरिंग केलेल्या आहेत. प्रत्येक गटातली सगळ्यात बाहेरची कळ एकाच तारेवर येते, आणि तुम्ही लिहिलेल्या आठ कळा नेमक्या त्याच आहेत. म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या मेम्ब्रेनची ती एक रेघ तुटली आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मेम्ब्रेनची शेपटी, म्हणजे जोडणीची पट्टी, कडक होते, आणि जिथं ती सॉकेटमध्ये वळते तिथंच तडा जातो. (एकाच गटातल्या पाच कळा, जसं क्यू ते टी, एकदम बंद असत्या तर दुसऱ्या शेपटीतली रेघ गेली समजायचं.)

मशीन उघडून शेपटी सरळ वर ओढून काढा, आडवी हलवू नका. तडा टोकाच्या अगदी जवळ असेल आणि शेपटीला लांबी शिल्लक असेल, तर धारदार कात्रीनं तड्याच्या वर सरळ कापा आणि परत घाला. लांबी नसेल तर नवं मेम्ब्रेनच लागेल. ते अजूनही तयार होतं, पण परदेशातून मागवावं लागतं.

तोवर खेळता येईल का? 'जेट सेट विली'त अक्षरांच्या वरच्या ओळीतल्या एकाआड एक कळा डावीकडे-उजवीकडे जायला चालतात. क्यू गेली तर ई किंवा टी डावीकडे नेते, पी गेली तर डब्ल्यू किंवा आर उजवीकडे. उडीला खालच्या ओळीतली कुठलीही. अडचण वेगळीच आहे: लोड "" लिहायला अवतरणचिन्ह पी वर असतं आणि शेवटी एंटर लागतं, दोन्ही तुमच्याकडे बंद. खेळ चढवायचाच झाला तर आधी शेपटी कापा.

विली एखाद्या शत्रूजवळून किंवा रंगीत पायरीजवळून गेला की त्याचा रंग बदलतो. पिक्चर ट्यूब गेली का?
– एक वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

नाही. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावतात. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांसाठी ६१४४ बाइट, आणि रंगांसाठी फक्त ७६८. काटकसर तिथं केली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन जुने लॅपटॉप आहेत. सातवीच्या मुलांना 'जेट सेट विली'चा नकाशा काढायला लावायचा आहे, पण दोन मुलांचे नकाशे जुळतच नाहीत. डाव्या दारानं गेलं आणि परत उजवीकडे आलं तर कधी कधी वेगळीच खोली येते म्हणतात.
– एक शिक्षक, घाटंजी तालुका (जि. यवतमाळ)

मुलं खरं सांगताहेत, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना शाबासकी द्या. प्रत्येक खोलीच्या त्या २५६ बाइटांत डावी, उजवी, वर आणि खाली अशा चार दारांसाठी चार आकडे ठेवलेले असतात, पलीकडच्या खोलीचा क्रमांक म्हणून. अ च्या डाव्या दारावर ब लिहिलं, म्हणून ब च्या उजव्या दारावर अ लिहिलेलंच असेल, अशी सक्ती कुठं नाही. त्यामुळे चौकटीच्या वहीत खोल्या शेजारी-शेजारी काढत गेलात तर कागद कुठंतरी अडणारच.

त्यापेक्षा एका खोलीला एक कार्ड करा, वहीच्या पानाचा चौथा हिस्सा. वर खोलीचं नाव. मुलांना मराठी नावं ठेवू द्या, 'वडाचं झाड', 'पोहण्याचा हौद', 'शीतघर'. चारही कडांवर त्या बाजूनं कुठं पोहोचलो ते लिहायचं, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. मधे लुकलुकणाऱ्या वस्तूंची संख्या. लाल पेननं एकच गोष्ट: कुठल्या बाजूनं शिरलं की मरण ठरलेलं आहे. मग कार्डं व्हरांड्यात फरशीवर पसरा आणि दोऱ्यानं जोडा, प्रत्येक दोऱ्याला बाणाचं टोक. जिथं जायचा आणि यायचा दोरा वेगळा पडतो, तिथं मुलं आपोआप थांबतात.

गटात तिघं ठेवा: एक कळांवर, एक कार्डांवर, तिसरा वस्तू मोजणारा. वस्तूंची बेरीज ८३ आली पाहिजे. ८२ आली तर बहुधा ती पॅसेजमधली न दिसणारी वस्तू राहिली. पहिल्या उत्तरातली चौथी जोडी घाला. सुरुवातीलाच चारही जोड्या आणि न संपणारे जीव घालून एक स्नॅपशॉट करून दोन्ही लॅपटॉपवर ठेवा, म्हणजे मधली सुटी मरण्यात जाणार नाही.

'नाइट लोर' हा खेळ काही खोल्यांत अगदी संथ होतो, आणि कढईत टाकलेली वस्तू चालत नाही. मोबाइल जुना आहे म्हणून?
– एक वाचक, भिवापूर (जि. नागपूर)

मोबाइलचा दोष नाही, खेळ १९८४ मध्येही असाच संथ व्हायचा. अल्टिमेट प्ले द गेम या कंपनीच्या टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी केलेला हा खेळ. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्यांत एक वस्तू दुसरीच्या मागे लपते, आणि ते सगळं दर वेळी नव्यानं रंगवावं लागतं. हलणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी मंद गती. एम्युलेटरचा वेग वाढवू नका. रिकाम्या खोलीत मग उडीचा अंदाज चुकतो.

कढईचं म्हणाल तर ती सांगेल तीच वस्तू, त्याच क्रमानं लागते. कढईच्या खोलीत गेलात की पुढची हवी असलेली वस्तू तिथं दाखवली जाते. अशा १४ द्यायच्या आहेत, ४० दिवसांत, १२८ खोल्यांतून शोधून. एका वेळी तीनच वस्तू नेता येतात. रात्री खेळाचा नायक सेबरमन लांडगा होतो. त्या रूपात कढईच्या खोलीत गेलात तर कढईच अंगावर येते, तेव्हा दिवस उगवेपर्यंत बाहेर थांबा. आणि हातातली वस्तू खाली ठेवून तिच्यावर चढून उंच जागी पोहोचता येतं, हे बरेच जण विसरतात.

शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो सापडला. त्यावर स्पेक्ट्रमची कॅसेट चालेल का?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, मेहकर (जि. बुलडाणा)

चालणार नाही. १९८४ च्या सुमारास 'क्लास' योजनेत हे संगणक शाळांना मिळाले होते. त्यात ६५०२ जातीचा प्रोसेसर आहे, स्पेक्ट्रममध्ये झेड-८०. कॅसेटवर आवाज लिहायची पद्धतही वेगळी. 'जेट सेट विली'ची बीबीसीसाठी वेगळी आवृत्ती निघाली होती, ती शोधा.

पण सर, आधी वीज लावू नका. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्स लाइनवर पिवळट पारदर्शक, आत कागदाची घडी दिसणारे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं दमट हवा शोषून त्यांना बारीक तडे जातात, आणि बटण दाबलं की थोड्याच वेळात फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाण वासाचा धूर. बाकी मशीनला सहसा काही होत नाही, पण घाबरायला होतं. एक्स-२ वर्गाचेच नवे कपॅसिटर बसवून घ्या, साधे चालत नाहीत. ते काम मेन्सचं आहे, जाणकाराकडूनच करून घ्या.

हे खेळ असे उतरवून घेणं कायदेशीर आहे का?
– एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

खेळागणिक उत्तर वेगळं. जुना झाला म्हणून हक्क संपत नाही. स्पेक्ट्रमच्या रॉमचे (मशीनमध्ये कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामचे) हक्क अँमस्ट्रॅड कंपनीकडे गेले, आणि तिनं एम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली, मालकी स्वतःकडे ठेवून. म्हणून फ्यूज बिनदिक्कत वापरा. खेळांपैकी काहींच्या मालकांनी मोकळीक दिली आहे, काहींनी नाही. 'नाइट लोर' विकत घ्यायचाच तर २०१५ च्या 'रेअर रिप्ले' या एक्सबॉक्सच्या संग्रहात तो आहे.

विषय थोडा वेगळा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त बाराव्या टप्प्यात स्वतःचीच सावली तलवार घेऊन येते. तिला मारलं की आपणही मरतो. कितीदा खेळलो, काही उपयोग नाही.
– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

तिला मारायचंच नाही. चौथ्या टप्प्यात आरशातून उडी मारताना जी सावली तुमच्यातून बाहेर पडली, तीच ही. तिला लागलेला प्रत्येक वार तुमच्याही जिवातून वजा होतो. समोर आली की खालच्या बाणाची कळ दाबून तलवार म्यान करा. तीही म्यान करते. मग सरळ तिच्या अंगावर धावा, दोघं एक होता. त्यानंतर समोर दरी दिसेल आणि पाय थबकतील. थांबू नका, उडीही मारू नका, नुसते धावत राहा. पावलाखाली एकेक फरशी येत जाते. घड्याळ मात्र बघा, सगळ्या खेळाला मिळून ६० मिनिटंच आहेत, आणि स्पेस दाबलं की किती उरली ते दिसतं.